राजापूर : समुद्र नसलेलं बंदर

मी मिहानमध्ये काम करतो असं नागपूरबाहेरच्या कोणाला सांगितलं की हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "हे मिहान म्हणजे काय?" आणि दुसरा, "तिथे खरंच काही आहे का?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी आजकाल देत नाही. पहिल्याचं देतो. मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अ‍ॅट नागपूर. २००२ साली यासाठी सरकारने वेगळी कंपनी काढली तेव्हा कल्पना अशी होती की देशाच्या मध्यावर जगभरचा माल विमानाने उतरेल आणि रेल्वेने, ट्रकने चारी दिशांना जाईल. म्हणजे थोडक्यात सांगायचं तर बंदर. फक्त समुद्र नाही, एवढंच!

यावर लोक हसतात. मी हसत नाही, कारण समुद्र नसलेलं बंदर मी लहानपणापासून पाहिलेलं आहे. माझ्या आईचं माहेर राजापूर. तेच ते, रत्नागिरी जिल्ह्यातलं, गंगेचं राजापूर. मी सात वर्षांचा असताना पहिल्यांदा तिथे गेलो. नागपूरच्या पोराला "कोकणात आजोळ, मोठं बंदर होतं तिथे" एवढं सांगून नेलेलं. एसटीतून उतरल्या उतरल्या मी विचारलं, "समुद्र कुठे आहे?" मामा म्हणाला, "इथून पंधरा मैल." मी तिथेच भोकाड पसरलं. अजूनही लग्नाकार्यात ही गोष्ट निघतेच.

आता हे सगळं आठवायचं कारण असं की गेल्या दिवाळीआधी मामाचा आईला फोन आला. पेठेतलं घर काढून टाकायचं म्हणतो. खाली दुकान, वर माडी, मागे उतारावर परसू. पावसाळ्यात पाणी दुकानात शिरतं ते आता सहन होत नाही, आणि गिऱ्हाईकही वर हायवेकडे गेलंय. घर आजोबांच्या नावावर, त्यामुळे आईची सही लागणार. आई दोन दिवस काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "तू एकदा जाऊन बघून ये. मला गेलं तर रडू येईल आणि सही राहून जाईल." मी गेलो. जायच्या आधी महिनाभर, रात्री कॉल संपले की जे मिळेल ते वाचत बसलो होतो. हा लेख म्हणजे त्या वाचनातलं आणि त्या चार दिवसांतलं जे डोक्यात राहिलं ते.

तर आधी भूगोल. राजापूर समुद्रावर नाही, खाडीच्या टोकाला आहे. अर्जुना नदी सह्याद्रीतून उतरते, गावात तिला कोदवली मिळते आणि पुढे तिची खाडी होऊन जैतापूरजवळ समुद्राला लागते. मुखापाशी मुसाकाजी, जैतापूर, नाट्याचा यशवंतगड. मोठी जहाजं तिथे नांगर टाकायची, गलबतं भरतीच्या पाण्याबरोबर वर राजापूरच्या धक्क्याला यायची. मला आधी वाटायचं की माणसांना एवढा आत यायचा उपद्व्याप कोणी सांगितला? समुद्रावरच पेठ वसवायची ना! उत्तर पाठीमागे आहे. राजापूरच्या मागे अणुस्कुरा घाट आहे आणि घाट चढलं की मलकापूर, पन्हाळा, कोल्हापूर. म्हणजे देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून जिथपर्यंत खाली येतो आणि समुद्राचं पाणी जिथपर्यंत वर चढतं, त्या दोघांची गाठ पडते ती जागा म्हणजे राजापूर. पाण्याने नेणं स्वस्त, बैलावर नेणं महाग. त्यामुळे बोट जितकी आत नेता येईल तितकी न्यायची. हिशोब सरळ आहे. आमच्याकडे याला मिडलवेअर म्हणतात, असो.

घाटावरून मिरी, वेलदोडे आणि कापड खाली यायचं आणि इथून अरबस्तान, इराणकडे जायचं. आदिलशाहीचं हे महत्त्वाचं बंदर. १६४९-५० च्या सुमाराला सुरतेच्या इंग्रजांनी इथे व्यापाराला सुरुवात केली आणि वखार घातली. पुढे फ्रेंचांचीही आली. आणि मग शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेलं प्रकरण येतं, जे मुळात वाचलं तर एखाद्या कंपनीच्या अंतर्गत ईमेलसारखं वाटतं.

१६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावर अडकले होते. सिद्दी जौहरचा वेढा. राजापूरच्या इंग्रजी वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. याने काय केलं, तर दारूगोळा घेऊन स्वतः पन्हाळ्याखाली गेला आणि इंग्रजांचं निशाण लावून गडावर गोळे टाकले. आता हा माणूस व्यापारी. आदिलशाहीकडे वजन वाढावं, माल खपावा, एवढाच त्याचा विचार असणार. पण महाराज जुलैमध्ये पन्हाळ्यावरून निसटले, आणि निशाण त्यांच्या लक्षात राहिलं होतं. पुढच्या वर्षी, १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाला अडवलं आणि सैन्य तसंच खाली कोकणात वळलं. मार्चमध्ये राजापूर. पेठ लुटली, वखार लुटली, द्रव्य पुरलेलं असेल म्हणून जमीन खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद करून गडावर पाठवलं.

खरी गंमत याच्या पुढे आहे. कैदेतल्या लोकांनी सुरतेला पत्रावर पत्र लिहिली की आम्ही कंपनीचे नोकर, आम्हाला सोडवा. वरिष्ठांचं उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा: तुम्ही कंपनीच्या मालाचं रक्षण करताना पकडले गेलेला नाहीत, तुम्ही पन्हाळ्याला जाऊन आपलं निशाण लावून गोळे टाकलेत, त्याचं हे फळ आहे. म्हणजे मॅनेजमेंटने चक्क हात झटकले! ऑनसाइट गेलेल्या माणसाने आपल्या डोक्याने काही कमिट केलं की हेड ऑफिस काय म्हणतं हे आम्हाला नवीन नाही, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीही हेच असेल असं वाटलं नव्हतं. उरलेल्या कैद्यांची सुटका १६६३ साली झाली. रेव्हिंग्टन त्याआधीच आजारी पडून सुटला आणि सुरतेला जाऊन मेला.

नुकसानभरपाईचा तगादा मात्र इंग्रजांनी सोडला नाही. एकामागून एक वकील महाराजांकडे येत राहिले. राज्याभिषेकाला, म्हणजे जून १६७४ मध्ये, रायगडावर हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला हे आपण चित्रात पाहतो. तो वाकून मुजरा करतोय वगैरे. पण त्याच्या पोतडीत मुख्य विषय राजापूरचा होता. तहात दहा हजार होनांची भरपाई ठरली. ती रोख एकरकमी नव्हे, मालाच्या आणि जकातीतल्या सवलतीच्या रूपाने. म्हणजे पैसे हवेत तर परत राजापूरला या आणि व्यापार करा! मला ही अट फार आवडते. बंदर जिवंत राहायला गलबतं यायला लागतात, आणि ज्यांना आपण लुटलं त्यांनाच परत आणायचं तर त्यांचे पैसे आपल्या धक्क्यावर अडकवून ठेवायचे. इंग्रज आले, वखार पुन्हा उघडली, पण जमली नाही. पूर्ण वसुली होता होता त्यांच्या नाकीनऊ आले आणि काही वर्षांत गाशा गुंडाळला. तोवर मुंबई त्यांच्या हातात आलेली होतीच. मला वाटतं राजापूरचं नशीब तिथेच फिरलं होतं, फक्त गावाला ते पुढे दोनशे वर्षं कळलं नाही.

याच बंदरातून आणखी एक माणूस गेला. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर. बापाविरुद्ध उठला, दक्षिणेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला, काही वर्षं कोकणात राहिला. जमेना, तेव्हा १६८७ च्या फेब्रुवारीत एका इंग्रज कप्तानाच्या जहाजातून राजापूरहून निघाला. आधी मस्कतला, तिथून इराणला. परत कधीच आला नाही, तिकडेच वारला. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे राजापुरातून माणसं बाहेर जाऊन परत येत नाहीत हे तेव्हापासूनचंच म्हणायचं." मामाचे दोन्ही मुलगे ठाण्याला आहेत. मी काही बोललो नाही. माझं काय, मी तर नागपूरचाच.

पुढे १७१३ मध्ये बंदर कान्होजी आंग्र्यांकडे गेलं, १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचा पाडाव झाला तेव्हा पेशव्यांकडे आणि १८१८ ला इंग्रजांकडे. हा भाग मी पटकन उरकतो, कारण मला शोधायचं होतं ते वेगळंच. हे बंदर बंद नेमकं कधी पडलं?

याचं उत्तर कुठल्याही लढाईत नाही. १८८० साली रत्नागिरीचं गॅझेटियर छापलं गेलं. राजापूरचं वर्णन वाचून मला घरचं कोणीतरी बोलतंय असं वाटलं. कोकणातलं सगळ्यात जुनं दिसणारं आणि जुनेपण टिकवून असलेलं गाव, अरुंद चढाचे रस्ते, फरसबंद आणि वरून छप्पर घातलेल्या पेठा. इंग्रजांच्या जुन्या दगडी वखारीत तेव्हा सरकारी कचेरी होती. जिल्ह्यात थेट अरबस्तानाहून गलबतं येतात असं हे एकच बंदर उरलंय हेही त्यात आहे. आणि मग ते वाक्य येतं की कुठलीही बऱ्यापैकी मोठी नौका जुन्या धक्क्याच्या तीन मैलांच्या आत येऊ शकत नाही.

तीन मैल! म्हणजे बंदर चालू आहे, जकात गोळा होते, हमाल आहेत, व्यापारी आहेत, १८७६ ला नगरपालिकासुद्धा झालेली आहे, आणि बोट धक्क्याला लागत नाही. मधल्या तीन मैलांसाठी लहान होड्या. एक माल दोनदा चढवायचा, दोनदा उतरवायचा. सिस्टिम बंद पडत नाही, फक्त रोज थोडी थोडी हळू होते, आणि रोज वापरणाऱ्याला ते जाणवत नाही. आमच्याकडे असल्या सिस्टिम्स मी स्वतः सांभाळलेल्या आहेत, त्यामुळे हे वाक्य वाचून अंगावर काटा आला.

गाळ कुठून येतो? वरच्या डोंगरांतून. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही चार महिन्यांत. डोंगरउतारावरची झाडं तोडली, जळण म्हणून नेली, वरकस जमिनी भाजून नाचणी-वरी पेरली, की सैल झालेली माती पहिल्या पावसात नदीत. जिथे नदीचा वेग संपतो आणि भरतीचं पाणी समोरून येतं, तिथे ती खाली बसते. म्हणजे नेमकी बंदराच्या जागी! ज्या गुणामुळे राजापूर वसलं त्याच गुणाने ते भरत गेलं. याला कोणाचा दोष द्यायचा? घाटाखालच्या नाचणी पेरणाऱ्याला राजापूरचा धक्का माहीतसुद्धा नसेल.

त्यात एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या. आगबोटीला खोल पाणी लागतं आणि तिला घाई असते. ती मुखापाशी मुसाकाजीला थांबायची आणि पुढे विजयदुर्गाकडे निघून जायची. भरतीची वाट बघत खाडीत कोण शिरणार? माझी आजी १९५८ साली लग्न होऊन मुंबईहून आली ती अशीच. ती सांगायची की बोट लांबच उभी राहायची, मचव्यात उतरताना एक पाय बोटीत नि एक मचव्यात आणि खाली पाणी, त्यात नऊवारी आणि उलटीने जीव अर्धा झालेला. मग मुसाकाजीला भरतीची वाट बघत तीन तास बसायचं आणि होडीने खाडीतून राजापूर. "उतरले तेव्हा वाटलं, हे बंदर? इथे तर गुडघाभर पाणी," असं ती म्हणायची. म्हणजे राजापूरला येऊन "समुद्र कुठे आहे" असं विचारणारा घरातला मी पहिला नव्हतो.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मुंबई-गोवा रस्ता झाला, एसटी आली, आगबोटी बंद झाल्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण तिचं स्टेशन गावापासून इतकं लांब की त्याचं नावच 'राजापूर रोड' आहे. (रोड लावलेलं स्टेशन म्हणजे तुम्हाला रस्त्यात सोडणार हे रेल्वे प्रामाणिकपणे आधीच सांगते.)

आता प्रत्यक्ष गाव. मी पहाटे पोचलो. मामा मला आधी घरी न नेता कोदवलीला सायबाचं धरण दाखवायला घेऊन गेला, कारण "तू इंजिनियर ना!" १८७८ चं बांधकाम. वर पाणी अडवलंय आणि ते उताराने आपोआप गावात येतं. पंप नाही, वीज नाही. मी तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो. मग गंगा. ती तेव्हा आलेली नव्हती. राजापूरची गंगा तीनेक वर्षांनी केव्हातरी येते, चौदा कुंडं भरतात आणि काही आठवड्यांनी निघून जाते. तिचं वेळापत्रक कोणाला सांगता येत नाही, पण आली की गाव भरतं आणि दुकानं चालतात. मामा म्हणतो, गलबतं गेल्यावर गंगेनेच पेठ जगवली.

आणि मग घर. जवाहर चौकाच्या खालच्या अंगाला. अर्जुना आणि कोदवली दोघी चढल्या की चौकात पाणी येतं, हे आता दर पावसाळ्याला टीव्हीवर दिसतं. दुकानाच्या दाराच्या खांबावर कोळशाने मारलेल्या रेघा आहेत, प्रत्येकीशेजारी साल. काही आजोबांच्या हातच्या, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात. सगळ्यात वरची माझ्या छातीला लागते. पाऊस लागला की माल माडीवर चढवायचा, ओसरलं की चिखल काढून परत खाली मांडायचा. "पन्नास वर्षं केलं रे," मामा म्हणाला, "आता गुडघे ऐकत नाहीत. आणि माल चढवायला माणूस मिळत नाही."

मला तेव्हा लक्षात आलं की बंदर बुडवणारा गाळ आणि दुकानात पाणी आणणारा गाळ एकच आहे. पात्र उथळ झालं म्हणून गलबत यायचं थांबलं आणि पात्र उथळ झालं म्हणूनच पुराचं पाणी यायला लागलं. २०२३ मध्ये नाम फाउंडेशनच्या मदतीने गावाने नदीतला गाळ मोठ्या प्रमाणावर उपसला. त्यानंतर फरक पडला असं मामासुद्धा कबूल करतो. "मग कशाला विकतोस?" मी विचारलं. तो म्हणाला, "गाळ काढला, पण गिऱ्हाईक कुठून काढू?"

संध्याकाळी आम्ही जुन्या धक्क्याच्या बाजूला गेलो. ओहोटी होती. दोन-तीन लहान होड्या चिखलात कलंडलेल्या, एक म्हातारा पाग टाकून उभा. वखारीची म्हणून मामाने एक जाड दगडी भिंत दाखवली, वेलींनी भरलेली. मी उगाच तिला हात लावून आलो. याच तालुक्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत आधी जैतापूरचा अणुप्रकल्प, मग नाणार आणि मग बारसूची रिफायनरी यांवरून केवढं रण माजलं हे आपण पाहिलंय. खोल पाण्याचा किनारा आणि मागे मोकळा सडा, म्हणून प्रत्येकाचं बोट याच जागेवर. मला यात कोणाची बाजू घेता येत नाही, कारण मी ज्या खुर्चीत बसून हे लिहितोय ती शिवणगाव, खापरी, दहेगाव, तेल्हारा, कलकुही या गावांच्या शेतांवर मांडलेली आहे. पण एवढं खरं की बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पांइतकी जुनी माणसांची ये-जा जिथे आहे, तिथे "इथे आधी काही नव्हतं" असं म्हणणाऱ्यावर मी आता पटकन विश्वास ठेवत नाही. मिहानबद्दल बोलतानाही नाही.

आणि मिहानमध्ये बंदर झालं का? झालं असं म्हणायला जीभ रेटत नाही. कॉम्प्युटरवाले आलो, विमानं दुरुस्त करणारे आले, मेट्रो खापरीपर्यंत आली. ज्या मालासाठी नाव ठेवलं तो माल कमीच. पण आता शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग निघतो, मुंबईच्या दिशेने सातशे एक किलोमीटर, २०२५ ला पूर्ण झाला. राजापूरने मला हे शिकवलं की बंदराला आधी घाट लागतो, पाणी नंतर. आमचा घाट आता कुठे बांधून झालाय. ट्रक मोजायची मला हल्ली सवय लागली आहे.

परत आल्यावर आईला सगळे फोटो दाखवले. धरणाचे तिने भराभर सरकवले. खांबावरच्या रेघांवर थांबली, दोन बोटांनी मोठा करून बघत राहिली. "ही माझ्या दहावीच्या वर्षीची," म्हणाली, "पुस्तकं भिजली होती, बाबांनी चुलीवर वाळवली." मग चष्मा काढून ठेवला आणि पेन मागितलं.

मामाचं नवं दुकान हायवेला, चढाच्या वर आहे. जागा लहान, पण ट्रक दारात लागतो. जुना खांब काढून तिकडे न्यायचा म्हणतोय, सुताराने मात्र वाळवी लागलीय म्हणून हात वर केले आहेत. मे महिन्यात मी परत जाणार आहे. तोवर कोणाच्या घरी राजापूरच्या धक्क्याला लागलेल्या गलबताचा किंवा मुसाकाजीला थांबलेल्या आगबोटीचा जुना फोटो असेल तर जरूर कळवा. आईला बघायचाय.